फोटोतले पणजोबा नेमके कोणते?

वाचकांचे प्रश्न

घरातील जुने फोटो, कागदपत्रे आणि जपून ठेवलेल्या वस्तू यांच्याविषयी सातारा व सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्रासोबत वस्तूंचे फोटो आले आहेत आणि त्यातला पेच अनेक घरांत पडणारा आहे, म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचे मूळ गाव कोरेगाव तालुक्यात आहे. वाटणीनंतर जुने घर उतरवताना माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक सापडली. तिच्यात सैनिकी पोशाखातील एका गृहस्थांचा जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो, रिबिनीसकट चांदीचा एक बिल्ला, मोडीत लिहिलेली गुंडाळीची जन्मपत्रिका आणि आईवडिलांच्या लग्नाचा चौकटीतला फोटो अशा वस्तू निघाल्या. इंग्रजी अक्षरांची एक गोल तबकडीही होती. ती आजी बरीच वर्षे ताकाच्या लोट्यावर झाकण म्हणून ठेवत असे. पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे गेले आणि तिकडेच वारले, असे आमच्या घरात सांगतात. आमच्या ८८ वर्षांच्या आत्या मात्र ठामपणे म्हणतात की फोटोतल्या आजोबांनी त्यांना कोरेगावच्या बाजारातून खाऊ आणून दिलेला आहे. दोहोंपैकी खरे काय मानावे? शिवाय एका पितळी घागरीवर ज्या बाईचे नाव घातलेले आहे ती आमच्या वंशावळीत कुठेच नाही. लग्नाचा फोटो काचेला चिकटला आहे, तो कसा सोडवावा? बिल्ला आणि तबकडी घासून लखलखीत करून घ्यावी काय? (ता. कोरेगाव, जि. सातारा)

उत्तर : घरची गोष्ट आणि आत्यांची आठवण यांपैकी एक खोटी असलीच पाहिजे, असे आपण धरून चालला आहात. आपल्या ट्रंकेतील वस्तू मात्र दोघांच्याही बाजूने साक्ष देत आहेत.

आधी तबकडी पाहू. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली स्त्री, पुढे सिंह, दोन डॉल्फिन आणि तळाशी गरुडावर तुटून पडलेला आणखी एक छोटा सिंह आहे. ही तबकडी पितळेची नसून ब्राँझची आहे आणि तिचा व्यास सुमारे १२ सेंटिमीटर असतो, त्यामुळे ताकाच्या लोट्यावर ती नेमकी बसली असणार. ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांतील जी माणसे पहिल्या महायुद्धात मृत्यू पावली त्यांच्या वारसांना, युद्ध संपल्यानंतर, ही पाठवण्यात आली. अशा १३ लाखांहून अधिक तबकड्या घडवल्या गेल्या आणि त्यांपैकी बऱ्याच सातारा जिल्ह्यात आल्या. कडेने ‘तो स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मरण पावला’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य आहे. जो देश स्वतःच पारतंत्र्यात होता त्या देशातील एका शेतकऱ्याच्या घरी हा मजकूर यावा, याची टोचणी त्या काळी कोणाला लागली असेल का, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. असो. स्त्रीच्या बाजूच्या चौकोनी पट्टीत मृताचे नाव उठावाच्या अक्षरांत असते. हुद्दा मुद्दामच घालत नसत, कारण मरणात सुभेदार आणि शिपाई सारखेच, असा त्यामागचा विचार होता. आपल्या फोटोत ही पट्टी झिजलेली दिसते. संध्याकाळी खोलीतले दिवे घालवून, तबकडी आडवी ठेवून, एका बाजूने अगदी तिरका टॉर्च मारावा. झिजलेल्या अक्षरांचीही सावली पडते आणि नाव बहुधा वाचता येते.

तबकडी घरात आहे, त्याअर्थी घरातला कोणीतरी युद्धात गेला. घरची गोष्ट इथपर्यंत खरी.

आता फोटो पाहू. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या असलेल्या या गृहस्थांच्या छातीवर तीन पदके आहेत. पहिले चार टोकांच्या ताऱ्यासारखे आहे, पुढची दोन गोल आहेत. अशी तिकडी म्हणजे १९१४ किंवा १९१४-१५ सालचा तारा, चांदीचे युद्धपदक आणि विजयपदक. यांतील शेवटच्या दोन पदकांना मंजुरी मिळाली तीच १९१९ साली. म्हणजे हा फोटो काढला तेव्हा लढाई संपलेली होती आणि हे गृहस्थ जिवंत होते. जिवंत माणसाच्या नावाची तबकडी निघत नाही. तेव्हा तबकडी एकाची आणि फोटो दुसऱ्याचा, असे मानण्यावाचून गत्यंतर नाही. माझा तर्क असा की घरातून दोन भाऊ, सख्खे किंवा चुलत, लढाईवर गेले. त्यांपैकी एक परतला आणि त्याने मागे राहिलेल्या पुतण्यांना, म्हणजे आपल्या आजोबांना, वाढवले. आत्यांच्या लेखी ते ‘आजोबा’च होते. आपल्याकडे चुलत आजोबांना कोणी चुलत म्हणून हाक मारत नाही, त्यामुळे दोन पिढ्यांनंतर दोन माणसांचा एक माणूस होऊन बसतो आणि एकाचे मरण दुसऱ्याच्या फोटोखाली लिहिले जाते.

हा तर्कच आहे, आणि तो तपासून पाहण्याची सोय आपल्या बिल्ल्यावर आहे. एका बाजूला पंचम जॉर्जचे मुख आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष, या खुणांवरून ते चांदीचे युद्धपदक आहे हे नक्की. त्याच्या दर्शनी बाजूंना नाव नसते. ते कडेवर असते, आणि नेमकी कड आपण पाठवलेल्या फोटोत आलेली नाही. बिल्ला उभा धरून भिंगातून कडेवरची अक्षरे वाचावीत. तिथे इंग्रजीत शिपाई क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण असा मजकूर सापडेल. कडेवरचे नाव आणि तबकडीवरचे नाव वेगळे निघाले तर दोन माणसांची गोष्ट पक्की झाली. तेच निघाले तर मात्र बिल्लाही मृताचाच, कारण मृतांची पदके त्यांच्या घरी पाठवली जात. मग फोटोतील गृहस्थांची ओळख दुसऱ्या मार्गाने पटवावी लागेल. पलटणीच्या आकड्याकडेही लक्ष द्यावे. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५मध्ये सुरू झालेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला, आणि त्यानंतर तुर्कांच्या कैदेत अनेकांचा अंत झाला. ‘बसऱ्याकडे वारले’ या घरगुती वाक्यात बसरा हे शहरच असेल असे नाही. त्या साऱ्या मुलखालाच आपल्याकडे बसरा म्हणत.

नाव हाती आल्यावर युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. बसऱ्याच्या स्मारकाच्या मूळ शिळांवर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि शिपायांची पलटणवार संख्या तेवढी दिली गेली, तरी या संस्थेच्या नोंदींत शिपायांची नावे आहेत आणि बऱ्याच ठिकाणी बापाचे नाव, गाव व तालुकाही आहे. मराठी नावे इंग्रज कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी लिहिल्यामुळे एका अचूक स्पेलिंगवर विसंबू नये. माणसाचे नाव सापडत नसेल तर गावाच्या नावाने, त्याच्या तीन-चार वेड्यावाकड्या रूपांनी शोधून पाहावे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचे स्मारक आहे हे अनेकांना ठाऊक असते. इतर गावांतही शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत बसवलेली एक इंग्रजी शिळा कधीकधी आढळते: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. तिच्यावर आकडे असतात, नावे नसतात. नावे ज्याच्या-त्याच्या माळ्यावरच शोधावी लागतात.

जन्मपत्रिकेविषयी आपण लिहिता की गावातील एका गृहस्थांनी ‘शके १८१२, विकृतीनाम संवत्सर’ एवढे वाचून दाखवले. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि जन्म जानेवारी ते मार्च या काळात पडत असेल तर ७९ मिळवावे लागतात. म्हणजे हा जन्म १८९०-९१चा. संवत्सराचे नाव ही पडताळणीची उत्तम सोय आहे. साठ संवत्सरांच्या फेऱ्यात शके १८१२ला विकृतीच येते, तेव्हा वाचणाऱ्याने आकडा बरोबर वाचला आहे. लढाई सुरू झाली तेव्हा पत्रिकेतील व्यक्ती चोविशीच्या आसपास होती. ती दोघा भावांपैकी कोणाची, हे पत्रिकेतील पुढचा मजकूर वाचल्यावर कळेल. जातकाच्या बापाचे नाव त्यात हमखास असते. मोडी वाचणारी माणसे आजही मिळतात, आणि पत्रिकेचा स्पष्ट फोटो पाठवून काम होते. मूळ गुंडाळी टपालाने कोणाकडेही पाठवू नये.

याच्या जोडीला तहसील कार्यालयातून जुने फेरफार काढावेत. माणूस मेल्यावर जमिनीला वारस लागतात, आणि वारसाची नोंद घालताना मृत्यूची तारीख व मागे राहिलेल्यांची नावे लिहिली जातात. कडेवरच्या नावाच्या माणसाचा वारस-फेरफार १९४०च्या पुढचा निघाला, तर आत्यांची साक्ष सरकारी कागदाने खरी ठरेल. एक सावधगिरी बाळगावी: सातबाऱ्यावर एकट्या थोरल्या भावाचे नाव आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे असतील तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे. धाकटे भाऊ त्या तीन अक्षरांत दडलेले असतात. ते नव्हतेच असे समजू नये. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातले जन्म-मृत्यू सापडतात. परमुलखात लढाईत गेलेल्याची नोंद तिथे मिळण्याची आशा थोडी.

हे सारे कागद पुरुषांचे झाले. घागरीकडे वळण्यापूर्वी हे सांगणे आवश्यक वाटते की आपल्याकडच्या घराण्याच्या इतिहासात बायकांची नावे कागदांपेक्षा भांड्यांवर अधिक सापडतात. वंशावळी लिहिणाऱ्यांनी लेकींना वगळले आणि सुनांना ‘पत्नी’ एवढ्याच शब्दावर भागवले. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावे वारसांत येऊ लागली, आणि त्यापुढच्या काळात बहिणींची पूर्ण नावे, वये, सासरची गावे एकत्र मिळण्याचे हुकमी ठिकाण कोणते, तर हक्कसोडपत्र! बाईचे नाव नीट लिहिण्याची निकड घराला भासली ती तिने हक्क सोडला त्या दिवशी.

आपल्या घागरीच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी घातलेला मजकूर फोटोत स्वच्छ वाचता येतो: ‘चि. सौ. कां.’, त्यापुढे मुलीचे नाव, ‘यांस मामांकडून’, गाव, आणि शेवटी ‘जि. उ. सातारा’. हा शेवटचा तुकडा फार मोलाचा आहे. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. १९६० साली उत्तर साताऱ्याला पुन्हा सातारा आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे ही घागर त्या मधल्या काळातली आहे. ‘चि. सौ. कां.’ हे लग्नाआधी नवरीला लावतात, तेव्हा घातलेले नाव तिचे माहेरचे असणार, आणि लग्नात नाव बदलले असेल तर सासरच्या कोणाही माणसाला ते आठवणार नाही. समजा, माहेरी जी गोदावरी होती ती सासरी लक्ष्मी झाली. वंशावळीत लक्ष्मी आहे, घागरीवर गोदावरी आहे, आणि आपण एका बाईला दोन समजून शोधत बसलो आहोत. म्हणून आत्यांना घागरीवरचे नाव सांगून ‘ही कोण?’ असे विचारण्यापेक्षा, त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या थोडे मागेपुढे घरात कोणकोण सून म्हणून आली आणि तिचे मामा कुठले, असे विचारावे. आणखी एक शक्यता मनाशी ठेवावी. वंशावळीत मुळीच न बसणारे नाव पुष्कळदा पहिल्या बायकोचे निघते. पहिल्या बाळंतपणात किंवा तापात ती गेली, वर्षभरात दुसरे लग्न झाले, दुसरीच्या मुलांनी वंश पुढे नेला आणि पहिलीचे नाव घेणारे कोणी उरले नाही. घागर मात्र पाण्याला उपयोगी म्हणून राहिली. हा विषय आत्यांपाशी चारचौघांत काढू नये.

आत्यांशी बोलताना दुसरेही एक धोरण ठेवावे. फोटो समोर धरून ‘हे कोण?’ असे विचारले की वृद्ध माणूस परीक्षेला बसल्यासारखे गडबडते. त्याऐवजी हा फोटो घरात कोणत्या भिंतीवर होता, त्याला हार कोण घालत असे, फोटोतल्या बाईच्या गळ्यातली ठुशी पुढे कोणाकडे गेली किंवा मोडून तिचे काय केले, असे विचारावे. दागिन्यांच्या वाटण्या बायकांच्या पक्क्या लक्षात असतात, आणि दागिन्याच्या मागोमाग माणसे आपोआप येतात. देवघरातले टाकही एकदा त्यांच्यासमोर मांडावेत. कुलदैवतांचे टाक कोणते आणि घरातल्या पूर्वजांच्या नावाने बसवलेले कोणते, हे सांगणारी त्या घरात बहुधा त्याच शेवटच्या असतील. बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, मात्र त्यांना सांगून.

लग्नाचा फोटो काचेपासून ओढून काढण्याचा प्रयत्न कृपा करून करू नये. कृष्णधवल फोटोच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो, पावसाळ्यातील दमटपणात तो फुगून काचेला घट्ट धरतो, आणि ओढल्यावर कागद हातात येऊन चेहरे काचेवर राहतात. चौकट उघडून मागचा पुठ्ठा किंवा प्लायवूड तेवढे काढून टाकावे, कारण फोटोवरचे तपकिरी डाग बरेचदा त्यातूनच उतरतात. फोटो काचेसह तसाच, काच बाहेरून पुसून, स्कॅन करून घ्यावा. प्रत उत्तम निघते. मूळ फोटो काचेसह जपावा आणि भिंतीवर प्रत लावावी. मागे स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीचा आकडा असेल तर त्याचाही फोटो घ्यावा.

बिल्ला आणि तबकडी घासू नये. बाजारात मिळणारी पॉलिशे धातूचा थर खरवडतात, आणि सर्वांत आधी जातात ती कडेवरची अक्षरे. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसणे पुरेसे आहे. रिबीन फाटलेली असली तरी ती टाकून नवी लावू नये. हल्ली मोबाइलवर जुन्या फोटोत रंग भरून देण्याची सोय झाली आहे. घरातल्या मुलांनी गंमत म्हणून ते जरूर करावे. पण यंत्राने भरलेला रंग हा यंत्राचा अंदाज असतो. पदकांच्या रिबिनींचे रंग ठरलेले होते आणि त्यांवरून पदक ओळखता येते, त्यामुळे असा रंगवलेला फोटो पुढच्या पिढीपर्यंत मूळ म्हणून गेला तर तो खोटा पुरावा ठरेल.

प्रश्न : आमच्या गावात दर काही वर्षांनी हेळवी येतात. या वेळी आलेल्यांनी वही उघडून आमच्या घराण्याच्या दहा-बारा पिढ्या वाचून दाखवल्या आणि आमचे मूळ गाव भलतेच सांगितले. धाकट्या पिढीला हे थोतांड वाटते. यावर किती विश्वास ठेवावा? (ता. वाळवा, जि. सांगली)

उत्तर : थोतांड म्हणून हेळव्यांना वाटेला लावणे हा आपलाच तोटा आहे. बेळगाव भागातून बैल घेऊन येणारा, दारात बसून घराण्याची नावे म्हणणारा आणि त्याबद्दल धान्य, कपडा किंवा पैसा घेणारा हेळवी हा दक्षिण महाराष्ट्रातील कित्येक घराण्यांचा एकमेव इतिहासलेखक आहे. राजेराजवाड्यांच्या बखरी झाल्या, कुळवाड्यांच्या कोणी लिहिल्या नाहीत. त्या याच वह्यांत आहेत.

विश्वास किती ठेवावा हे मात्र वहीच्या कोणत्या भागाविषयी आपण बोलतो त्यावर अवलंबून आहे. हेळवी फेरीला येतो तेव्हा मागच्या फेरीनंतर जन्मलेल्यांची नावे घरच्यांना विचारून लिहून घेतो. म्हणजे अलीकडच्या चार-पाच पिढ्यांची माहिती त्या-त्या वेळी घरातूनच दिलेली आहे, आणि ती फेरफारांशी व शाळेच्या जनरल रजिस्टराशी ताडून पाहता येते. ती जुळली तर वही काळजीपूर्वक ठेवलेली आहे असे समजावे. त्यामागच्या पिढ्यांत नावांचा क्रम राहतो, पण दोन भाऊ बाप-लेक होतात, एखादी पिढी गळते, आजोबांचेच नाव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे दोघांचा एक होतो. अगदी मुळाशी गेल्यावर एखाद्या प्रसिद्ध घराण्याशी किंवा देवस्थानाशी नाते जोडलेले असते. तो भाग मानाचा समजून ऐकून घ्यावा.

मूळ गावाची गोष्ट या दोन्हींच्या मधली आहे आणि तिला पडताळा मिळू शकतो. आपले कुलदैवत कोणते, जत्रेला घरातली माणसे पूर्वी कुठे जात, लग्नाआधी कोणत्या गावच्या देवीची ओटी भरली जाई, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. घराणी गाव सोडतात, पण देव सहसा सोडत नाहीत. हेळव्यांनी सांगितलेल्या गावाच्या शिवारात आपले दैवत निघाले तर त्यांच्या म्हणण्याला चांगले बळ येते. नाशिक-त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांनी यात्रेच्या वेळी केलेली नोंद मिळाली तर उत्तमच, कारण तिथे येणारा आपले गाव व आपल्याबरोबरची माणसे सांगून लिहवून घेत असे, आणि कधी स्वतःच्या हाताने सही करत असे. पणजोबांच्या हातचे अक्षर पाहायला मिळणे ही काय चीज असते, हे ज्याने पाहिले त्यालाच कळेल.

पुढच्या वेळी हेळवी आले की त्यांच्या परवानगीने वहीच्या पानांचे फोटो घ्यावेत, त्यांचे वाचन ध्वनिमुद्रित करावे आणि बिदागीत हात आखडता घेऊ नये. या वेळी घरातल्या लेकी-सुनांचीही नावे लिहून घ्यायला सांगावे. ‘तशी पद्धत नाही’ असे ते म्हणतील; तरीही सांगावे.

प्रश्न : २०१९च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरले आणि लग्नाचे व मुलांच्या बारशांचे अल्बम भिजले. तेव्हा घाईत ते उन्हात वाळवले. आता पाने एकमेकांना चिकटली आहेत, काही फोटोंवर बुरशीचे ठिपके आहेत. काही करता येईल काय? (सांगली)

उत्तर : त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून ज्यांनी तो पूर पाहिला नाही त्यांनाही कल्पना यावी. आपल्यासारखीच पत्रे सांगली आणि मिरज भागातून अनेक आली आहेत, म्हणून हे उत्तर सर्वांना उद्देशून आहे.

वाळून चिकटलेली पाने सोडवण्याआधी जे दिसते आहे त्याचे, जसे आहे तसे, फोटो घेऊन ठेवावेत. त्यानंतर प्रती शोधाव्यात. लग्नाचे फोटो वधूपक्षाकडेही असतात, बारशाचे फोटो मावशी-आत्यांना पाठवलेले असतात, आणि निगेटिव्हच्या पट्ट्या पाकिटात घालून कपाटाच्या वरच्या खणात टाकलेल्या असतात. निगेटिव्ह मिळाली तर मूळच मिळाले असे समजावे. हे सारे करून जे फोटो दुसरीकडे कुठेच नाहीत असे ठरेल, त्यांच्यासाठीच पुढचा खटाटोप करावा.

स्टुडिओत धुतलेले रंगीत फोटो स्वच्छ थंड पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवले की बरेचदा आपोआप सुटतात. गरम पाणी मुळीच वापरू नये, कारण त्यात जिलेटिन विरघळू लागते. प्रयोग सर्वांत कमी महत्त्वाच्या फोटोवर करावा. बुरशी लागलेल्या भागातील जिलेटिन आधीच खिळखिळे झालेले असते आणि पाण्यात चेहरा वाहून जाऊ शकतो, म्हणून असे फोटो कोरडेच ठेवून वरची बुरशी अंगणात, नाकातोंडाला फडके बांधून, मऊ ब्रशने हलकेच झटकावी. घरच्या प्रिंटरवर शाईने छापलेल्या फोटोंना पाणी लावू नये. सुटलेले फोटो चित्राची बाजू वर ठेवून सावलीत टिपकागदावर सुकवावेत. ऊन लागले की ते गुंडाळतात. चिकट पानांवर प्लास्टिकचा पापुद्रा असलेला जो अल्बम असतो, त्यातून फोटो उचकटू नयेत. दात साफ करण्याचा बारीक दोरा, ज्याला फ्लॉस म्हणतात, तो फोटोखालून करवतीसारखा सावकाश ओढावा. एखादा फोटो मोलाचा असेल आणि हात धजत नसेल तर तो कागद-संवर्धनाचे काम करणाऱ्या जाणकाराकडेच न्यावा.

पुन्हा पाणी आले आणि फोटो भिजलेच, तर ते ओले असतानाच एकमेकांपासून वेगळे करावेत. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात वेळ मिळणार नसेल तर दोन फोटोंमध्ये बटर पेपर घालून, पिशवीत बांधून, वीज असलेल्या नातेवाइकाच्या फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि घर आवरल्यावर सवडीने एकेक काढून सुकवावेत. अल्बमचे जाड पुठ्ठे सोडून सुटे फोटो बंद पिशव्यांत घालून ठेवले तर पुराच्या वेळी ते एका हातात उचलून नेता येतात. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नये, कारण दाब पुढच्या बाजूला उमटतो. कागदी पाठीवर मऊ पेन्सिलीने कडेला, आणि प्लास्टिकसारख्या गुळगुळीत पाठीवर काहीच न लिहिता त्याच्या पाकिटावर नावे, गाव व साल लिहावे. स्कॅन केलेल्या फोटोच्या फाइललाही हीच नावे द्यावीत. मोबाइलने दिलेल्या आकड्यांवरून मावशीचे बारसे कोणते आणि मामाची मुंज कोणती, हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही.